डॉक्टरांची साक्ष का रखडते?

मा. संपादक,

कुपवाड एमआयडीसीतलं पत्रा दाबायचं प्रेस मशीन असो की गोठ्यातलं कडबाकुट्टी यंत्र, हात सापडण्याच्या घटना सांगली जिल्ह्याला नव्या नाहीत. भरपाईचा दावा मात्र डॉक्टरांच्या साक्षीपाशी अडतो. माझ्या चुलतभावाचं मनगट पत्र्याने कापलं. आता बाहेरून बारीक व्रण तेवढा दिसतो. पण खिशात हात घातला की नाणं कोणतं आणि किल्ली कोणती हे त्याला कळत नाही, सदऱ्याची बटणं वहिनी लावतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर नुसती टक्केवारी. 'हात तर हलतोय' असं समोरचे वकील म्हणाले, आणि ते खोडायला शस्त्रक्रिया केलेले सर्जन एकाही तारखेला आले नाहीत.

मनगटात तुटलेला आणि शस्त्रक्रियेने जोडलेला चेतातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. बोटांत संवेदना यायला कित्येक महिने जातात, पूर्ण येईलच याची खात्री नाही. हे न्यायालयाला हाताच्या सर्जनशिवाय कोण समजावणार?

डॉक्टरांचीही अडचण खरी आहे. ओपीडी सोडून दिवसभर बाकावर बसायचं आणि शेवटी पुढची तारीख. मोटार अपघाताच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच डॉक्टरांची साक्ष सोयीची वेळ ठरवून किंवा कमिशनमार्फत, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीसमोर, घ्यावी, असं सुचवलं होतं. सांगलीतही प्रत्येक दाव्यात तसं व्हावं. आणि सर्जननी प्रमाणपत्रात टक्क्यांसोबत पकड, चिमूट आणि स्पर्श यांच्या तपासणीच्या नोंदी लिहाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिरज