आजीची व्हीलचेअर डिकीत बसली पाहिजे

नागपूर

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

तुझी बदली नागपूरला झाली, घर पुन्हा भरणार. काल फोनवर तू नव्या सीएनजी गाड्यांची यादी वाचलीस. मायलेज होतं, सनरूफ होतं, रंगही ठरला होता. डिकीचा विषय निघालाच नाही, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या दिवाळीत आपल्या सीएनजी गाडीने मावशीकडे अमरावतीला निघालो, ते आठव. डिकीत ती एकच मोठी टाकी आडवी. आजीची व्हीलचेअर उभी ठेवून पाहिली, आडवी ठेवून पाहिली, पायदान्या काढल्या, तरी झाकण लागेना. शेवटी ती मागे आईच्या पायांशी कोंबली आणि चिवड्याचा डबा तिच्या मांडीवर. दीडशे किलोमीटर तिला पाय हलवता आला नाही. उतरताना दार धरून उभी राहिली, ते मला अजून सलतं.

आता तशी अडचण उरलेली नाही. टाटाच्या पंच आणि नेक्सॉनमध्ये, ह्युंदाईच्या एक्स्टरमध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी असतात, वर सपाट जागा मिळते. पंचला 210 लिटर, नेक्सॉनला 321. मारुतीच्या व्हिक्टोरिसमध्ये तर टाकी गाडीच्या पोटाखाली गेली आहे. माझं मन नेक्सॉनकडे आहे. सीएनजीवर गाडीचा दम थोडा कमी होतोच. मे महिन्यात एसी लावून पाच माणसं आणि सामान ओढायचं, तर तिचं टर्बो इंजिन कामी येईल. स्टेपनी कुठे ठेवली आहे, की नुसतं पंक्चर किट दिलं आहे, तेही विचार.

गॅस पहाटेच भरत जा. आपल्या उन्हात टाकी तापली की गॅस फुगतो आणि वजनाने कमी बसतो. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नकोस, समृद्धीवर निघालास तर नक्कीच नाही. दर 3 वर्षांनी गॅसच्या टाक्यांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यायची, त्यात चालढकल नको.

आलास की शनिवारी वर्धा रोडच्या शोरूमला जाऊ. व्हीलचेअर मी सोबत घेतो. त्यांच्यासमोरच डिकीत ठेवायची, शेजारी सूनबाईची मोठी बॅग, आणि झाकण लावून बघायचं. लिटरचे आकडे नंतर.

आजीला एवढ्यात काही बोलू नकोस. माझ्यासाठी कशाला मोठी गाडी, म्हणून ती अमरावतीला यायचंच नाकारेल.

तुझा,
बाबा