आड भरलेला, पोहरा कोरडा

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे फोनवर तू एकच वाक्य दोनदा म्हणालीस. "आई, सगळे आकडे बरोबर होते गं." मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ च्या वर, सॅच्युरेशन ठीक, सेंट्रल लाइनच्या, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातला ऑक्सिजनही ७० टक्क्यांच्या पुढे. तरी लघवी थांबली, रक्तातलं लॅक्टेट, पेशींच्या उपासमारीची ती खूण, चढत गेलं आणि उजाडायच्या आत तुझा सेप्सिसचा पेशंट गेला. मी म्हटलं, तुझी चूक नव्हती, झोप आता. ते आईचं बोलणं झालं. पण आकडे बरोबर असून माणूस का जातो, या प्रश्नावर मी वीसेक वर्षं काम करते आहे, आणि घरात त्याबद्दल कधी धड बोलले नाही. तू लहान असताना कुणी विचारलं की सांगायचीस, "माझी आई लोकांच्या जिभेखाली बघते." त्यापुढे मीही तुला काही समजावलं नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीराची घडी बिघडून अवयव बंद पडायला लागतात तेव्हा, ही म्हण उलटी होते. आड भरलेला असतो आणि पोहरा कोरडा वर येतो. मॉनिटर आडाची पातळी दाखवतो. हृदय आणि मोठ्या धमन्या एवढाच त्याचा मुलूख. रक्त शरीरभर फिरतं हे इंग्लंडच्या डॉक्टर हार्वेने १६२८ मध्ये मांडलं, पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून हे त्याला दिसलं नाही. इटलीच्या माल्पिघीला १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमनी आणि शीर जोडणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या, दिसल्या तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती. मला वाटतं, आयसीयूत आपण अजून बरेचसे हार्वेच्याच काळात राहतो.

केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे हजारावे भाग. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, म्हणजे बऱ्याच ठिकाणी तिला अंग चोरून, दुमडून, एकेकटीने पलीकडे जावं लागतं. निरोगी शरीरात जिथे गरज तिथली वाट उघडते. सेप्सिसमध्ये हा ताळमेळ सुटतो. वाहिनीच्या आतल्या अस्तरावरचा साखरेच्या रेणूंचा मऊ लेप झडतो, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, तांबड्या पेशी ताठर होतात, बारीक गुठळ्या धरतात. वाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड एका जागी बेसुमार तयार होतो, तर शेजारी मिळतच नाही. मग एका वाहिनीत रक्त सुसाट आणि तिला लागून असलेली ठप्प. सुसाट रक्ताला ऑक्सिजन उतरवायला सवड नसते, आणि ठप्प वाहिनीभोवतालच्या पेशी उपाशी राहतात. न वाटलेला शिधा तसाच कोठारात परत येतो. तुझे ते ७० टक्के कदाचित तेच असतील. आकडा चांगला होता, त्याचा अर्थ वाईट होता.

हे पेशंटच्या खाटेशी बसून बघता येईल असा छोटा कॅमेरा १९९९ च्या सुमारास आला. हिरवा प्रकाश टाकायचा. तो हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून तांबड्या पेशी उजळ पडद्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या धावताना दिसतात. जागा जिभेखालची, कारण तिथलं आवरण पातळ आणि काहीही न कापता पोचता येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नोंदी करायच्या विसरले होते. मुंग्यांच्या रांगा असाव्यात तसं, आणि मधेच एक रांग थबकलेली.

माझी पहिली चूकही तिथलीच. कॅमेऱ्याचं टोक जिभेखाली जरा जोरात टेकलं तर त्या दाबानेच लहान वाहिन्यांतलं रक्त थांबतं. मला वाटत होतं मी रोग टिपते आहे; टिपत होते स्वतःच्या मनगटाचा जोर. चार महिन्यांच्या फिती एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे बघितल्या आणि निम्म्याहून अधिक बाजूला काढल्या. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक पेशंटच्या तीन ते पाच जागा, साधारण २० सेकंदांची एकेक फीत, मग डोळे ताणून ठरवायचं: प्रवाह थांबलेला म्हणजे ०, अडखळत १, मंद २, नीट ३. तुला वाढवण्याच्या वयात मी रात्री हे मोजत बसायचे. याचं तुला वाईट वाटलं असेल, आणि तसं वाटणं रास्तच होतं.

२००२ मध्ये ब्रसेल्सच्या गटाने दाखवलं की सेप्सिसच्या पेशंटांत रक्त वाहत असलेल्या बारीक वाहिन्यांचं प्रमाण घटतं, आणि जे दगावतात त्यांच्यात अधिक. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भिडली. जिभेखाली तिथल्या तिथे वाहिन्या सैल करणारं अॅसिटिलकोलीन लावलं आणि बंद वाहिन्या पुन्हा चालू झाल्या. म्हणजे त्या मेलेल्या नव्हत्या! दोन वर्षांनी त्याच गटाचं पुढचं काम आलं: जगलेल्यांत प्रवाह लवकर सुधारत गेला, अवयव बंद पडून गेलेल्यांत नाही. तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, वाहिन्या उघडायचं औषध सापडलं की झालं.

झालं नाही. नायट्रोग्लिसरीन देऊन पाहिलं; सुरुवातीच्या मूठभर पेशंटांत सुंदर दिसलं, २०१० च्या नीट बेतलेल्या चाचणीत फरक पडला नाही. अॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी नावाचं महागडं औषध २००१ मध्ये वाजतगाजत आलं आणि २०११ मध्ये उत्पादकाने बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचणीत त्याने जीव वाचताना दिसले नाहीत. त्या आठवड्यात मी तुझ्यावर उगाच चिडले होते, तुला आठवत नसेल. वाहिनी उघडली म्हणजे पेशी जेवली असं नसतं, हे शिकायला आम्हाला दहा वर्षं लागली.

सलाईनचंही तसंच. पहिल्या टप्प्यात ते हवंच. पण आकडा हलत नाही म्हणून बाटलीमागून बाटली लावत गेलीस तर पाणी पेशींच्या भोवती साचतं, वाहिनी आणि पेशी यांतलं अंतर वाढतं आणि ऑक्सिजनला तेवढं लांब जावं लागतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता माझ्या आयुष्याची गंमत ऐक. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतल्या २८ रुग्णालयांची एक चाचणी आली, सेप्टिक शॉकचे, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेले, ४२४ पेशंट. अर्ध्यांचा उपचार लॅक्टेट बघत केला, अर्ध्यांचा काचेच्या पट्टीने बोटाचं टोक दाबून, रंग किती वेळात परततो ते बघत. २८ दिवसांत दगावलेले लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के, बोटाच्या गटात ३४.९. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक अगदी थोडक्यात उतरला नाही, म्हणून त्याचा झेंडा नाचवू नकोस. पण बोट निदान कमी पडलं नाही. माझा कॅमेरा एका चांगल्या गाडीच्या किमतीचा, आणि शेवटी पेशंटच्या खाटेशी पोचली ती काचेची पट्टी! एक दिवस मला राग आला होता. मग वाटलं, बोटाच्या टोकाकडे बघावं हे आम्हाला एवढ्या गांभीर्याने घ्यावंसं वाटलं, त्यात त्या फितींचाही थोडा वाटा असेल.

म्हणून उद्याच्या रात्रपाळीसाठी सांगते. अँटिबायोटिक पहिल्या तासात, त्यात तडजोड नाही. नॉरअॅड, ते रक्तदाब वाढवणारं औषध, प्रेशर, सगळं तुझे सर सांगतील तसंच. त्याशिवाय उजव्या हाताच्या तर्जनीचं शेवटचं पेर घे, आतल्या बाजूने काचेची पट्टी टेकव, कातडी पांढरी होईपर्यंत दाब आणि १० सेकंद तशीच धर. सोड आणि घड्याळ बघ. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर मॉनिटर काही म्हणो, काळजी कर. अर्ध्या तासाने पुन्हा दाब. खोली गार असेल, उजेड कमी असेल तर बोट फसवतं, तेवढं लक्षात ठेव. गुडघ्यांकडेही नजर टाक; तिथे जांभळट जाळी पसरत असेल तर ती लिहून ठेव, कुणी विचारलं नाही तरी.

परवाच्या पेशंटचं बोट दाबलं असतंस तर तो वाचला असता का, हे विचारू नकोस. त्याचं उत्तर माझ्या कुठल्याच फितीत नाही.

काचेच्या पट्ट्या माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत, कडा घासलेल्या. दोन घेऊन जा, एक नक्की हरवतेस.

तुझी,
आई