पायाला मुंग्या येतात? आधी गोळ्यांची पिशवी दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या दिवाळीआधी आईला घेऊन न्यायमंदिराकडून घरी येत होते, तर मागून एक मुलगा पळत आला, "बा, तमारुं चंपल!" वीस-पंचवीस पावलं आई एका पायाने अनवाणी चालली होती आणि तिला पत्ताच नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

वर्षभर तिच्या पायाला मुंग्या यायच्या, रात्री तळव्यांची आग व्हायची, आणि आम्ही सगळे म्हणायचो शुगर आहे ना, होणारच. डॉक्टरपण तेच म्हणाले, एक गोळी वाढवली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी गोळ्यांची पिशवीच टेबलावर रिकामी करायला लावली. ही शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, किती वर्षं? चौदा. व्हिटॅमिन बी१२ कधी तपासलं? कधीच नाही!

रिपोर्ट आला तर बी१२ अगदी तळाला. मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतलं की आतड्यातून बी१२ नीट शोषलं जात नाही, लिव्हरमधला साठा हळूहळू संपतो आणि नसांवरचं आवरण झिजायला लागतं. त्यात आम्ही शाकाहारी, म्हणजे दूध-दही मिळेल तेवढंच. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्येच याबद्दल डॉक्टरांना सावध केलंय, मग आपल्याकडे साधी ब्लड टेस्ट सांगायला काय हरकत आहे? इंजेक्शनांनी मुंग्या कमी झाल्या, अंगठ्याचा बधिरपणा मात्र राहिलाच, उशीर झाला.

गोळी मनाने बंद करू नका हो, शुगर वाढली तर नसा आणखी खराब होतात. आणि मनाने बी-कॉम्प्लेक्सचा मारापण नको, बी६ फार झालं तर तेही नसांना बाधतं. पण टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाने हेच बी६ कमी होतं म्हणून सोबत ते देतात, ती छोटी गोळी टाळू नका.

अजून एक, डॉक्टर कामधंदा विचारतच नाहीत. चपला चिकटवायच्या सोल्युशनमध्ये बऱ्याचदा एन-हेक्झेन नावाचं रसायन असतं, बंद खोलीत रोज त्याचा वास घेणाऱ्याचे हातपाय बधिर होतात. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्याच्या अंगात शिसं जातं आणि मनगट लुळं पडू शकतं. अशा माणसाला नुसती ताकदीची गोळी देऊन घरी पाठवलं तर तो दुसऱ्या दिवशी परत त्याच खोलीत जाऊन बसणार ना!

आईच्या फाइलवर आता मी बी१२ ची पुढची तारीख लाल पेनाने लिहून ठेवलीय. मेटफॉर्मिन लिहून देतानाच डॉक्टरांनी ती तारीख कागदावर टाकावी, एवढीच कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा