मॅडम नोट्स देत नाहीत, बरं मग?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमची पोट्टी एमए सोशॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या एका मॅडमची काही पालकांनी तक्रार केली, का तर नोट्स देत नाही, गाईडचं नाव काढू देत नाही, नुसतं पोरांना काहीबाही करायला लावते. खरं सांगतो, सही करायला मीही निघालोच होतो.

पण त्याआधी एका रविवारी चहा घेऊन तुमची पुरवणी उघडली तर लग्नाच्या जाहिरातींचं पानच गायब. पोरगी कैची घेऊन बसून राहिली. मॅडमनी सांगितलं म्हणे, महिनाभराच्या जाहिराती कापा अन् ढीग करा, जात लिहिलेल्या वेगळ्या, पोटजात लिहिलेल्या वेगळ्या, 'जातीची अट नाही' वाल्या वेगळ्या. शेवटचा ढीग चिमूटभर, अन् त्यातही बरेच घटस्फोटित नाहीतर वय निघून गेलेले.

मग वर्गात बाबासाहेबांचा जातीवरचा निबंध काढला, ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेला, वय अवघं २५. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचं नाही हेच जातीचं मूळ, अन् ते कुंपण टिकवायलाच सती, विधवेला लग्नबंदी, बालविवाह आले, असं त्यांनी त्यात मांडलंय. मी दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीजवळ पाण्याच्या स्टॉलवर उभा राहतो, पण हे मला पोरीनं जेवताना सांगितलं तेव्हा समजलं. वरून विचारते, बाबा, माझ्या बायोडाटात पोटजात कोणी टाकली? मीच टाकली होती. गप जेवलो.

आता मॅडमचं सगळंच बरोबर असं नाही. पेपरमध्ये व्याख्या अन् टीपाच येतात, तेव्हा शेवटचा महिना तरी त्यांनी उत्तरं लिहायची प्रॅक्टिस घ्यावी, पोरांचे मार्क्स गेले तर प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट-सेट परीक्षेच्या फॉर्मपर्यंत पण पोहोचणार नाहीत. पण गाईडचं म्हणाल तर मी पण बीएला हाच विषय घेऊन गाईड पाठ करूनच पास झालो होतो, अन् आज दुर्खीम नावाचा कोणी होता येवढंच आठवते.

सही केली नाही. पेपरवाल्याला मात्र रविवारी तुमचे दोन अंक टाकायला सांगितलेत, एक कैचीसाठी, एक मला वाचायला.

- एक पालक, महाल, नागपूर