एका तोळ्याची गोळी

कोलंबस, ओहायो
१४ डिसेंबर

प्रिय नान्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरंय ना? बरंय.' त्याबद्दलच्या शिव्या मनातल्या मनात दे आणि पुढे वाच. तब्येत ठीक. साखर जरा वर, गुडघा तसाच.

पत्राचं कारण ऐकून हसशील. तीन आठवड्यांनी इकडे हरणांचा ठासणीच्या बंदुकीचा हंगाम लागतोय, जानेवारीतले जेमतेम चार दिवस, आणि मला गोळी ठरवता येत नाहीये. घरात कुणाला विचारण्यात अर्थ नाही. सौ.च्या लेखी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन.

हो, ठासणीचीच. अप्पांसारखी तोंडातून आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. फक्त बार पेटवणाऱ्या केपाच्या जागी हिला मागून प्रायमर बसतो आणि वर दुर्बीण आहे. अप्पांच्या परवान्यासाठी ओरोसला कलेक्टर कचेरीत किती खेपा व्हायच्या आठवतंय? निवडणूक आली की बंदूक चौकीत जमा. इथे केंद्राच्या १९६८ च्या कायद्यात हिला बंदूकच धरत नाहीत. कुरियरवाल्याने पायरीवर ठेवली, बेल वाजवली, गेला. हे कळल्यावर अप्पा कलेक्टरांना काय म्हणाले असते, ते तूच त्यांच्या आवाजात म्हणून बघ. (आणि केपांची डबी विहिरीत तूच पाडलीस. यावर मी अजून ठाम आहे.)

तर गोळी. माझी नळी पन्नास कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच. तिच्यात जुन्या पद्धतीने चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी घालावी असं पहिल्यांदा मनात आलं. ती भरते साधारण १७७ ग्रेन. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा! अप्पा 'तोळाभर शिसां' म्हणायचे तेव्हा मला वाटायचं सोनाराची मस्करी करतायत. त्या संध्याकाळी तुला फोन लावणार होतो, पण तुमच्याकडे पहाटेचे चार वाजले होते. पण ती काही जमायची नाही. माझ्या नळीत आतून कोरलेला, गोळीला गिरकी देणारा पेच २८ इंचांत एक फेरा घेतो, आणि गोल गोळीला ६०-६६ इंचांत एक असा सावकाश पेच लागतो. एवढ्या घट्ट पेचात ती चिंधीसकट सटकते आणि जाईल तिकडे जाते.

दुसरी, नळीभर बसणारी अख्ख्या शिशाची लांबट गोळी. दोन तोळ्यांच्या वर वजन. मैदानावर पाच बार काढले, खांदा जांभळा झाला, आणि शंभर यार्डांवर गोळ्या सहा इंचांत विखुरल्या. तीही बाद. उरली प्लास्टिकच्या झबल्यात बसवलेली पिस्तुलाची गोळी. नळीबाहेर पडली की झबलं गळून पडतं आणि गोळी एकटी पुढे जाते. त्यातही शिशाची की तांब्याची हा घोळ आहेच, आणि तो नुसता हिशेबाचा नाही.

गेल्या वर्षीचं तुला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

दुकानातल्या पोराने लांब पल्ल्याची म्हणून एक कडक गोळी गळ्यात मारली होती. मी वर १५० ग्रेन दारू घातली, जास्त ती बरी म्हणून. हॉकिंग काउंटीत ऑफिसातल्या एकाचं शेत आहे, तिथे माचाणावर बसलो. नारिंगी जाकीट घालावंच लागतं, विसर्जनातला स्वयंसेवक दिसत होतो. साडेचारला मादी आली, सत्तर यार्डांवर, जरा तिरकी. मी बार काढला. दारूचा धूर तुला माहीतच आहे. तो विरेपर्यंत शेत रिकामं. खाली उतरून पाहिलं तर चिमूटभर केस आणि करंगळीच्या नखाएवढे दोन थेंब. पुढे ओहोळापर्यंत काहीच नाही. गोळी न उघडताच आरपार गेली असणार. बारीक भोक पडलं की ते चरबीने बुजतं, रक्त आतच राहतं. असं मी वर्षभर स्वतःला समजावतोय.

पण ती तिरकी उभी होती, नान्या. अप्पा काय म्हणायचे? 'आधी जनावर कसां उभां आसा तां बघ, गोळयेचां मागीर.' दोन श्वास थांबलो असतो तर ती वळली असती.

अंधार पडला, पाऊस आला, मी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर हिंडलो, सगळं धुऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी शेतवाल्याचा फोन आला, ओहोळापलीकडच्या झाडीवर कावळे फिरतायत, बघून जा. मी ऑफिस आहे म्हणालो. ऑफिस नव्हतं.

आणि आईनेही बोलावलं नव्हतं. त्या डुकराच्या वेळी. तू आणि अप्पा घळीत उतरलात आणि मी आईने हाक मारली म्हणून घरी पळालो, असं मी चाळीस वर्षं सांगतोय. तू एकदा, माझ्या लग्नात, सगळ्यांसमोर म्हणालास 'ह्याच्या आईचा आवाज दोन मैल जातो' आणि मी तुझ्याशी सहा महिने बोललो नाही. आवाज जात नाही. बस.

असो. पोरीला सातवा महिना. तिला मागच्या-मागच्या वर्षीचा हरणाचा खिमा फार आवडलेला, आता म्हणते बाबा, शिशाची गोळी असेल तर आणू नका. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते, अन्नवाटप केंद्रांना तो टाकून द्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, अगं, ठासणीची गोळी सावकाश जाते, रायफलीइतके तुकडे उडत नाहीत, मिनेसोटात चाचणी झालीय. ती म्हणाली, 'कमी म्हणजे शून्य नाही.' कुणावर गेलीय कोण जाणे.

म्हणून परवा तांब्याची आणली. २५० ग्रेन, आपले सोळा ग्रॅम, एकेक दीड-दोन डॉलरला. दारू यंदा शंभरच. पाण्याचे सहा कॅन ओळीने मांडून मारली, चौथ्यात सापडली. तोंड सहा पाकळ्यांत उघडलेलं, अनंताच्या एकेरी फुलासारखं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: सोळा ग्रॅम. एक कणही कुठे गेला नव्हता. आत्ता ती विजेच्या बिलावर ठेवलीय आणि मी तिच्याकडे बघत तुला लिहितोय. शंभर यार्डांवर तीन गोळ्या दोन इंचांत बसतात. म्हणजे गोळी ठरल्यातच जमा. तरी ठरत नाही. आता चुकलं तर दोष द्यायला दुकानातला पोरगाही उरला नाही.

तुझं काय? काजूचं बरं चाललंय ना? दोडामार्गातले हत्ती तुमच्या बाजूला सरकले का? संदीपचं लग्न ठरलं असं वहिनींच्या बोलण्यातून कळलं, पण नीट कळलं नाही. तारीख लवकर कळव, तिकिटं महागतात.

हंगाम ३ तारखेला लागतो. त्याआधी उत्तर आलं तर बरं.

तुझा,
विन्या

ता. क. ते डुक्कर तुम्हाला शेवटी कुठे सापडलं? जिवंत होतं का? मी कधी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.