धामापूरचे तळे आणि मे महिन्याची शिबिरे

मा. संपादक,

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सिंधुदुर्गातील उन्हाळी शिबिरांच्या आणि रिसॉर्टच्या जाहिराती सगळीकडे दिसू लागतात. त्यांत धामापूरच्या तळ्याचेही छायाचित्र असते, म्हणून हे पत्र.

आमच्या लहानपणी तळ्यावर मुक्कामाला कोणी येत नसे. चाकरमानी उतरत ते आपापल्या घरी. एखाद्या दिवशी येऊन भगवतीचे दर्शन घेत, घाटाच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून तासभर बसत आणि परतत. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्याची निवास-न्याहारीची पद्धत रुजली आणि रिसॉर्ट व शिबिरे त्यामागून वाढली. याला माझा विरोध नाही. त्या खोल्यांच्या भाड्यावर आमच्याकडच्या काही घरांतल्या मुलांची शिक्षणे झाली आहेत.

गेल्या मे महिन्यात माझी नात अशाच एका शिबिराला गेली होती. परतल्यावर हे तळे कोणी बांधले असे विचारताच, ''तळे बांधतात?'' असा प्रश्न तिनेच मला केला. दोन डोंगरांमधल्या खोलगटीला बांध घालून १५३० मध्ये, विजयनगरच्या अमलात, नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने हे तळे उभारले, त्याचे पाणी पाटाने भातशेतीला आणि माड-पोफळीच्या बागांना जाते, आणि आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये त्याला वारसा सिंचन स्थळाचा मान दिला तो या पाटाच्या पाण्यासाठी, यातले एक अक्षरही तिच्या कानावर पडले नव्हते.

परडीची कथा मात्र रंगवून सांगितली गेली होती. फुलांचे दागिने परडीत ठेवून ती तळ्यात सोडली की लग्नकार्यासाठी सोन्याचे दागिने वर येत आणि कार्य उरकल्यावर ते परत करायचे असत. कोणीतरी ते परत केले नाहीत आणि परडी वर यायची थांबली, हा शेवट नेमका गाळला होता. (त्याच घाटावर त्या दिवशी कागदी ताटल्या पडल्या होत्या, हेही नातीनेच सांगितले.)

शिबिरचालकांनी मुलांना एक सकाळ बांधावरून पाटाच्या कडेने शेवटच्या बागेपर्यंत चालवत न्यावे, बागेला पाणी लावणाऱ्याशी त्यांना बोलू द्यावे आणि जेवणाच्या पंगती घाटापासून दूर मांडाव्यात, एवढीच विनंती आहे. यासाठी शुल्क वाढवण्याचीही गरज पडणार नाही.

आपला,
एक वाचक, ता. मालवण