जुनं ‘आर’ काढून टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातल्या संगणकाच्या सदरात ‘एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या ठेवू नका, जुनी काढून टाका’ असा सल्ला वाचला. मोबाइलमधल्या गेमला तो लागू असेल. पण ‘आर’ या सॉफ्टवेअरवर आकडेवारीचं काम करणाऱ्यांनी तो जसाच्या तसा पाळू नये, म्हणून हे पत्र.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी पीएचडीची मुलं शंका घेऊन घरी येतात. गेल्या महिन्यात अशीच एक मुलगी आली. विषय पाऊस आणि सोयाबीनचा उतारा. मार्गदर्शकांनी तिच्या हाती पेन ड्राइव्ह दिला होता, त्यात ‘ॲक्सेस’ या नोंदी साठवायच्या प्रोग्रॅमची एक जुनी एमडीबी फाइल. १९ पर्जन्यमापक, १९९६ ते २००७ च्या रोजच्या नोंदी. कुणीतरी वर्षानुवर्षं बसून भरलेल्या. आणि पोरीने लॅपटॉप ‘साफ’ करताना जुनं आर उडवून टाकलेलं! नवं आर फक्त ६४-बिटचं, ते फाइल उघडेना. ‘ही सोय फक्त ३२-बिट विंडोजवर चालते,’ असं म्हणून हात वर करत होतं.

कारण साधं आहे. प्रोग्रॅमच्या दोन जाती असतात, जुनी ३२-बिट आणि नवी ६४-बिट. ६४-बिट विंडोजवर दोन्ही जातींचे प्रोग्रॅम शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने चालतात. पण ६४-बिट प्रोग्रॅमला ३२-बिटचा ड्रायव्हर, म्हणजे फाइल वाचून देणारा मदतनीस प्रोग्रॅम, स्वतःच्या पोटात घेता येत नाही. अर्ध्या इंची नळाला पाऊण इंची तोटी बसेल का? एमडीबी वाचणारा ३२-बिट ड्रायव्हर विंडोजबरोबर आपसूक येतो, ६४-बिटचा येत नाही. तो वेगळा आणून बसवावा, तर लॅपटॉपवरच्या ३२-बिट ऑफिसशी त्याचं भांडण. दुरुस्तीवाल्याने तिला ऑफिसच काढायला सांगितलं होतं. निम्मा प्रबंध त्यातच लिहिलेला, म्हणून ती घाबरून माझ्याकडे आली.

ड्रायव्हर शोधायला गेलं की आणखी एक गंमत. असे ड्रायव्हर दाखवणारी ‘ओडीबीसी’ची खिडकी विंडोजमध्ये दोन ठिकाणी असते. ‘सिस्टिम३२’ फोल्डरमधली ६४-बिटची, आणि ‘सिसवॉव६४’ मधली ३२-बिटची. वर दोन्ही फाइलींचं नाव एकच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मुलगी दोन दिवस चुकीच्या खिडकीत ड्रायव्हर शोधत होती.

आरचं बरं असतं. त्याच्या आवृत्त्या आपापल्या फोल्डरमध्ये राहतात, पॅकेजेसही (वरून जोडायच्या सोयी) ४.१ ची वेगळी, ४.३ ची वेगळी, एकमेकींच्या पायात येत नाहीत. मार्च २०२२ च्या ४.१.३ पर्यंत एकाच इन्स्टॉलरमधून दोन्ही जाती बसायच्या. ‘बिन’ फोल्डरमध्ये पाहिलं की एक ‘आय३८६’ (३२-बिट) आणि एक ‘एक्स६४’ (६४-बिट). पुढच्याच महिन्यात ४.२.० आलं आणि ३२-बिट बंद झालं. जुन्या आवृत्त्या ‘क्रॅन’ या आरच्या संकेतस्थळावर अजून मिळतात. आम्ही ४.१.३ उतरवून नव्या आरशेजारी बसवलं, आर वापरायच्या ‘आरस्टुडिओ’ या वेगळ्या प्रोग्रॅमच्या नादी न लागता आय३८६ मधलं साधं आर उघडलं, आणि फाइल उघडली. ४,३८३ दिवस गुणिले १९, म्हणजे ८३,२७७. मी कागदावर गुणाकार केला, तिने ओळी मोजून घेतल्या. बरोबर तेवढ्याच. चहा झाला.

पण गावांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! नावं देवनागरीत होती आणि जुन्या आरला विंडोजवर आपली लिपी धड झेपत नाही. ज्या ४.२.० ने ३२-बिटचं दार बंद केलं, त्यानेच विंडोजवर यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत आणली, म्हणजे देवनागरी नीट दिसू लागली. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं. केंद्रांचे क्रमांक शाबूत होते म्हणून निभावलं. पाऊस सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, उतरवला, १९ नावं हाताने टाइप केली आणि नव्या आरमध्ये क्रमांकावरून जोड लावली.

तिला एक मात्र बजावलं: ३२-बिटमध्ये फक्त फाइल उघडायची, हिशेब सगळा ६४-बिटमध्ये. ३२-बिटला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरता येत नाही, हे झालंच. शिवाय दोन्हींची आकडेमोडीची तऱ्हा थोडी वेगळी असल्याने शेवटच्या दशांश स्थळांत कधी कधी फरक पडतो. निम्मं गणित इथे, निम्मं तिथे केलं, तर तोंडी परीक्षेत उत्तर देता देता पुरेवाट व्हायची.

अशा एमडीबी फाइली कॉलेजांच्या आणि सरकारी खात्यांच्या कपाटांत किती पडल्या असतील कोण जाणे. म्हणून विनंती, की त्या सदराच्या पुढच्या भागात एवढी एक ओळ छापावी: जुनी आवृत्ती काढण्याआधी तिच्यावाचून न उघडणाऱ्या फाइली सीएसव्हीत उतरवून घ्या, आणि ओळी मोजून पाहा.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका, सातारा